पावती मागू नका

जनुकीय बदल केलेली पिकं जगात कुठे, किती पेरली जातात, याचा हिशेब ठेवणारी ‘आयएसएएए’ नावाची एक संस्था आहे. तिच्या 2019 च्या ताळेबंदात 29 देश आहेत आणि 19 कोटी 4 लाख हेक्टर जमीन आहे. अमेरिका पहिली, ब्राझील दुसरा, मग अर्जेंटिना, कॅनडा आणि पाचव्या नंबरावर आपण: 1 कोटी 19 लाख हेक्टर, सगळा कापूस. ताळेबंद झोकदार आहे. त्यात फक्त एक रकाना नाही. पावतीशिवाय पेरलेल्या बियाण्याचा.

तो रकाना असता तर पहिला नंबर कोणाचा आला असता, सांगता येत नाही. पण विदर्भ रिकाम्या हातानं परतला नसता.

मे संपत आला की अकोला, यवतमाळ, चंद्रपूरकडे एक व्यवहार सुरू होतो. कधी कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत, कधी गावातल्याच एखाद्या पोराच्या मोटरसायकलच्या डिक्कीतून. संवाद साधारण असा:

“भाऊ, थे देजा.”

“कोन्ती?”

“थेच. तणनाशकवाली. चार बॅगा.”

“घ्या.”

“बिल?”

“बिल पाह्यजे असन तर साधी बीटी घ्या ना!”

ही ‘तणनाशकवाली’ म्हणजे एचटीबीटी. पेपरात तिचा उल्लेख ‘चोर बीटी’ असा होतो. साध्या बीटीत बोंडअळीला मारणारं जनुक असतं, मातीतल्या एका जिवाणूकडून उसनं आणलेलं. चोर बीटीत त्याच्या जोडीला आणखी एक जनुक असतं, त्यामुळे ग्लायफोसेट फवारलं तर तण जळतं आणि कापूस उभा राहतो. या बियाण्याला भारतात परवानगी नाही. परवानगीसाठी अर्ज झाला होता, चाचण्याही झाल्या होत्या. पण तंत्रज्ञान कोणाला, कोणत्या अटींवर द्यायचं, यावरून अर्ज करणाऱ्या कंपनीचं आणि सरकारचं बिनसलं आणि 2016 मध्ये अर्ज मागे घेतला गेला. अर्ज गेला. बियाणं राहिलं.

ते आलं कुठून, हे शोधायला केंद्रानं समिती नेमली. 2018 मध्ये महाराष्ट्रानं विशेष तपास पथक नेमलं. दर उन्हाळ्यात कृषी विभागाची भरारी पथकं निघतात, एखाद्या गोदामातून काही क्विंटल माल पकडतात, पाकिटं मांडून फोटो काढतात. आणि बियाणं दर जूनला वेळेवर पोचतं. मॉन्सून इतका वक्तशीर असता तर हवामान खात्याला कोणी नावं ठेवली नसती.

आता त्यावर फवारायचं औषध बघा. ग्लायफोसेटची आपल्याकडची मान्यता चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जमिनीसाठी. म्हणजे बेकायदा बियाण्यावर बेजागी फवारणी. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रानं आणखी एक फर्मान काढलं की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच फवारावं. अकोट तालुक्याच्या शिवारात असा परवानाधारक कीडनियंत्रक कोणी पाठीवर पंप घेऊन फिरताना पाहिला असेल तर कळवावं. शाल-श्रीफळाची सोय करू.

*

शेतकरी हे का करतो? कारण निंदणाला बाया मिळत नाहीत. मिळतात तेव्हा सगळ्या गावाला एकाच आठवड्यात हव्या असतात, आणि त्याच आठवड्यात पाऊस उघडत नाही. वाफसा येईपर्यंत तण कापसाच्या डोक्यावर गेलेलं असतं. तण खाई धन, ही म्हण कोणत्या कंपनीच्या जाहिरात विभागानं केलेली नाही. एका फवारणीत काम होत असेल, तर शेतकरी ती फवारणी करणार. त्यानं पर्यावरण मंत्रालयाची संमती येईपर्यंत विळा घेऊन बसून राहावं, ही अपेक्षा ज्यांचा पगार एक तारखेला जमा होतो त्यांनाच परवडते.

त्याच वेळी हेही खरं की निंदणाची मजुरी गावातल्या भूमिहीन बाईच्या हातात पडणाऱ्या मोजक्या रोख मिळकतींपैकी एक. एका फवारणीनं तिचे आषाढ-श्रावणातले दिवस जातात. या तंत्रज्ञानाच्या बाजूची आणि विरोधातली, दोन्हीकडची व्यासपीठं मी बघतो. ती बाई मला कुठल्याच व्यासपीठावर दिसलेली नाही. बहुधा सतरंज्या घालायला बोलावली असेल.

जून 2019 मध्ये शेतकरी संघटनेनं ही चोरी चव्हाट्यावर आणली. अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीर गावात हजारावर शेतकरी जमले, आणि सगळ्यांच्या देखत बंदी असलेलं बियाणं पेरलं. तेव्हाच्या पर्यावरण संरक्षण कायद्यात याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता. गुन्हे दाखल झाले. पण राज्यभर लाखो एकरांवर हेच उभं असताना कोणाकोणाला आत टाकणार? तुरुंगात कापूस लावायला जागा करावी लागली असती. संघटनेनं सविनय कायदेभंग केला आणि सरकारनं सविनय दुर्लक्ष केलं. दोन्ही पक्ष सभ्य.

*

पावतीचं एवढं काय घेऊन बसलात, असं कोणी विचारेल. त्यानं 2017 चा हंगाम आठवावा. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्राचा कापूस पोखरला. ज्या अळीला मारण्यासाठी बीटी आली, तीच अळी बीटीच्या बोंडात आरामात बसलेली. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सरकारनं कोरडवाहूला हेक्टरी 30,800 आणि बागायतीला 37,500 रुपयांची घोषणा केली. त्यातले 16,000 बियाणे कंपन्यांकडून यायचे होते. म्हणून ‘जी’ नमुन्यात तक्रार भरा, बियाण्याचं बिल जोडा. रीतसर दुकानातून घेतलेल्या बियाण्याचं बिल शोधतानासुद्धा लोकांनी घराच्या आढ्यापर्यंत हात घातले. कंपन्यांनी आपली जबाबदारी मानायला नकार दिला आणि प्रकरण कज्ज्यात गेलं. पण कज्जा तरी झाला.

चोर बीटीवाला त्या रांगेत उभाही राहू शकत नाही. बियाणं उगवलं नाही, भेसळ निघाली, तणनाशक फवारल्यावर तणाबरोबर कापूसही झोपला, तर तक्रार कोणाविरुद्ध करणार? पाकिटावर कंपनीचं नाव नाही. असलंच तर खोटं. किंमत छापलेली नाही, ज्याची जशी नड तसा दर. साध्या बीटीच्या पाकिटाची किंमत केंद्र सरकार ठरवतं, 2025 च्या हंगामात ती 901 रुपये होती. चोर बीटीची किंमत ठरवणारं खातं अजून निघालेलं नाही. कायद्याच्या लेखी हे बियाणं अस्तित्वातच नाही. अस्तित्वात नसलेलं बियाणं उगवलं नाही, असा अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा?

तर मुद्दा हा आहे. जनुकीय पिकं चांगली की वाईट, यावर पंचवीस वर्षं परिसंवाद चालू आहेत, आणखी पंचवीस चालतील. तोवर ती पिकं येऊन, पेरून, पिकून, खाऊन झाली आहेत. ‘विचाराधीन’ ठेवल्यानं बियाणं थांबत नाही. फक्त जबाबदारी थांबते.

*

आपल्या पहिल्या बीटी कापसाची जन्मकथाही अशीच. 2001 साली गुजरातमध्ये बोंडअळीनं थैमान घातलं, आणि काही शेतं मात्र हिरवीगार राहिली. चौकशी केली तर ‘नवभारत 151’ नावाच्या वाणात बीटीचं जनुक निघालं. परवानगी कोणाचीच नव्हती. हजारो एकरांवर पेरा झाला होता. जनुकीय पिकांना मंजुरी देणाऱ्या दिल्लीतल्या समितीनं सांगितलं, जाळा. शेतकऱ्यांनी सांगितलं, या जाळायला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्यांच्या बाजूनं उभे राहिले. गुजरात सरकारनं मतदारांकडे पाहिलं, काडेपेटीकडे पाहिलं आणि काडेपेटी खिशात ठेवली. कापूस बाजारात गेला.

26 मार्च 2002 रोजी जालन्याच्या महिकोच्या तीन बीटी वाणांना रीतसर मंजुरी मिळाली. अधिकृत बीटीचा जन्म झाला तेव्हा अनधिकृत बीटी रांगायला लागली होती.

या बाबतीत गुजरातनं उगाच फुशारकी मारू नये. ब्राझीलनं हे आधीच करून ठेवलं होतं. अर्जेंटिनानं 1996 मध्ये तणनाशक सोसणारं सोयाबीन पेरायला सुरुवात केली. ब्राझीलमध्ये तेच सोयाबीन न्यायालयात अडकलं. अर्जेंटिनाला लागून रिओ ग्रांदे दो सुल नावाचं राज्य आहे, आणि सीमेवरच्या पोत्यांना कोर्टाची तारीख कळत नाही. बियाणं आलं, पसरलं. लोकांनी त्याला ‘मॅराडोना सोया’ म्हणायला सुरुवात केली. मॅराडोनानं 1986 मध्ये हातानं गोल केला होता आणि पंचाला दिसला नव्हता, हे ज्यांना आठवतं त्यांनी या नावाला दाद द्यावी.

2003 मध्ये लुला राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचा पक्ष या पिकाच्या विरोधात. पण पीक कापणीला आलेलं. त्यांनी अध्यादेश काढून त्या वर्षीच्या विक्रीला मोकळीक दिली, 2005 मध्ये कायदा केला आणि पंच शिट्टी वाजवून मोकळे झाले. पुढे त्याच राज्यातले शेतकरी स्वामित्वशुल्काच्या विरोधात बियाण्याच्या मोन्सॅन्टो कंपनीला कोर्टात खेचू शकले. 2012 मध्ये खाली जिंकले, 2019 मध्ये वर हरले. हरले, पण भांडले. भांडायला कागद लागतो. आपल्याकडे चोर बीटीवाल्यानं भांडायचं म्हटलं तर ‘समोरची पार्टी’ या रकान्यात काय लिहील? मोटरसायकलचा नंबर?

*

युरोपचं सोवळं जास्त कडक. तिथे पेरणीला मान्य असलेला बीटी मका मुख्यतः स्पेन आणि पोर्तुगालमध्ये उगवतो. 2015 मध्ये नियम बदलून देशांना स्वतःपुरती बंदी घालायची सोय दिली, आणि निम्म्याहून जास्त देशांनी ती आनंदानं घेतली. त्याच युरोपच्या गायी-डुकरांना घालायला दरवर्षी कोट्यवधी टन सोयाबीन आणि पेंड ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिकेतून येते, बहुतेक जनुकीय बदल केलेली. देवघरात उपास आणि स्वयंपाकघरात मागच्या बाजूला ताट वाढलेलं, असा हा संसार. आपल्या शेतात नको, दुसऱ्याच्या शेतातलं चालेल.

मेक्सिकोनं मार्च 2025 मध्ये थेट राज्यघटना बदलून जनुकीय मक्याच्या पेरणीवर बंदी घातली. मका ही त्यांची आई, तिची जन्मभूमी मेक्सिकोच, भावना समजू शकते. पण दरवर्षी दोन कोटी टनांहून जास्त अमेरिकन मका त्याच मेक्सिकोत उतरतो, आणि तो बहुतेक जनुकीयच. त्यावर बंधनं घालायचा प्रयत्न झाला, तेव्हा व्यापार करारातल्या लवादानं डिसेंबर 2024 मध्ये मेक्सिकोच्या विरोधात निकाल दिला. आईला घटनेत जागा मिळाली, आणि कोठीघर शेजारणीच्या ताब्यात.

2002 चा दुष्काळ आठवतो? आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात लोक उपाशी होते. अमेरिकेनं मदत म्हणून मका पाठवला, त्यात जनुकीय मका होता. झांबियाचे अध्यक्ष लेव्ही म्वानावासा म्हणाले, नको. शेजारच्या झिम्बाब्वे आणि मोझांबिकनं तोड काढली की दळून द्या. दळलेला मका उगवत नाही, म्हणून चालतो. ही तोड लक्षात ठेवा. एकोणीस वर्षांनी ती न्हावाशेवा बंदरात उतरणार आहे.

ऑगस्ट 2021. सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. लातूर बाजार समितीत शेतकरी पहिल्यांदाच भाव विचारून हसत होते. पोल्ट्रीवाले रडायला लागले की पेंड परवडत नाही. केंद्रानं 12 लाख टन जनुकीय सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. न्हावाशेवा बंदर आणि बंगालच्या सीमेवरचं पेट्रापोल, दोन दरवाजे. जनुकीय खाद्याला या देशात परवानगी नाही ना? पर्यावरण मंत्रालयानं शांतपणे सांगितलं, पेंडीत जिवंत काही नसतं, आमची हरकत नाही. झांबियाच्या शेजाऱ्यांनी उपाशी माणसांसाठी काढलेली तोड आपण कोंबड्यांसाठी वापरली. भाव घसरले. लातूरच्या शेतकऱ्यानं जनुकीय सोयाबीन पेरलं तर गुन्हा, परदेशातल्या शेतकऱ्यानं पेरलेलं जनुकीय सोयाबीन लातूरचा भाव पाडायला आलं तर धोरण.

आपल्या कढईतही बघू या. जनुकीय सोयाबीनपासून काढलेल्या तेलाच्या आयातीला 2007 मध्येच परवानगी मिळाली. आपल्याकडच्या कापसाची सरकी बीटीचीच, तिचं तेल फरसाणाच्या कढईत, पेंड म्हशीच्या दावणीत आणि म्हशीचं दूध आपल्या चहात. 2021 पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं नियम केला की परदेशी सफरचंद, तांदूळ, टोमॅटो अशी 24 पिकं देशात आणताना ती जनुकीय नसल्याचं प्रमाणपत्र जोडा. सफरचंदाची कुंडली मागायची आणि तेलाच्या टँकरला ‘या, बसा’ म्हणायचं. सरकारात बसलेला कोणी ‘आम्ही जनुकीय अन्नाला परवानगी दिलेली नाही’ असं छाती काढून सांगत असेल, तेव्हा समोरच्या बशीतली शेव कशात तळली आहे, एवढंच विचारावं.

*

वांग्याची गोष्ट याहून मजेशीर. बीटी वांगंही जालन्याच्या महिकोचं. ऑक्टोबर 2009 मध्ये दिल्लीतल्या त्याच समितीनं मंजूर केलं. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशभर जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपुरात. हॉलमध्ये शास्त्रज्ञ, शेतकरी, कार्यकर्ते आणि वांग्याचे मुखवटे घातलेली माणसं. लोकशाही असावी तर अशी. 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यांनी स्थगिती जाहीर केली, पुरेसा अभ्यास होईपर्यंत. मंत्र्यानं सगळ्यांचं ऐकून स्वतःच्या सहीनं कारणांसकट निर्णय दिला, ही त्यातली चांगली बाजू. नंतर आलेल्या कोणी अभ्यास पूर्ण केला नाही, स्थगिती उठवली नाही, आणि कायमची बंदीही घातली नाही, ही खास आपली बाजू.

तेच तंत्रज्ञान बांगलादेशाला दिलं गेलं होतं. त्यांनी 2013 मध्ये मंजुरी दिली आणि 2014 च्या जानेवारीत रोपं शेतकऱ्यांच्या हातात ठेवली. पुढे 2019 मध्ये हरियाणाच्या फतेहाबादमध्ये एका शेतात बीटी वांगं सापडलं आणि उपटलं गेलं. स्थगिती दिल्लीत सुखरूप होती, वांगं हरियाणात.

मोहरीचं काय झालं? दिल्ली विद्यापीठाच्या दीपक पेंटल यांच्या गटानं सार्वजनिक पैशातून ‘डीएमएच 11’ तयार केली. विदेशी कंपनीची नाही, देशी विद्यापीठाची, म्हणून तरी लवकर निकाल लागेल, असं भाबड्यांना वाटलं. ऑक्टोबर 2022 मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतंच. 23 जुलै 2024 रोजी निकाल लागला आणि दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. न्या. नागरत्ना यांनी मंजुरी रद्द ठरवली, न्या. करोल यांनी वैध. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं, सरकारनं जनुकीय पिकांचं राष्ट्रीय धोरण करावं. 2002 मध्ये पहिलं पीक मंजूर करणाऱ्या देशाला 2024 मध्ये कोर्टानं सांगितलं, आता धोरण करा. घरात बावीस वर्षांचा मुलगा झाल्यावर मुहूर्त बघायला निघालेली मंडळी ती हीच.

*

विरोधकांना वाटेल, बघा, आमचंच म्हणणं. थांबा, तुमचीही पावती फाडायची आहे.

2012 मध्ये फ्रान्सच्या सेरालिनी यांचा जनुकीय अन्न खाल्लेल्या उंदरांवरचा शोधनिबंध आला, गाठी आलेल्या उंदरांचे फोटो जगभर फिरले. केनियानं त्याच वर्षी जनुकीय अन्नाच्या आयातीवर बंदी घातली. 2013 मध्ये नियतकालिकानं तो निबंध मागे घेतला. बंदी 2022 पर्यंत राहिली. निबंध मेला, त्याचं श्राद्ध नऊ वर्षं चाललं. आणि विदर्भातल्या आत्महत्यांचं एकच कारण बीटी, असं लंडनपर्यंत सांगत फिरलेल्यांनी कोरडवाहू जमीन, सावकार, कापसाचा भाव आणि बँकेचा दरवाजा, या चार गोष्टी भाषणातून गाळल्या. मेलेल्या शेतकऱ्यालाही त्यांनी पुरावा म्हणूनच वापरलं.

समर्थकांनीही टाळ्या वाजवू नयेत. 2002-03 मध्ये देशात 136 लाख गाठी कापूस झाला आणि 2013-14 मध्ये 398 लाख. हा आलेख ते कार्यक्रमाच्या पत्रिकेवरही छापतात. त्यानंतरचा आलेख छापत नाहीत, कारण तो खाली येतो, तीनशे लाखांच्या आसपास. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं आयात शुल्क काढायची वेळ आली. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलियाचा कापूस इथे बिनदिक्कत उतरला, आणि त्या देशांतला बहुतेक कापूस तणनाशक सोसणाराच आहे. म्हणजे चोर बीटीच्या सख्ख्या नातेवाइकाची गाठ बंदरातून आली तेव्हा शुल्कमाफी मिळाली, आणि तेच झाड अकोटात उभं राहिलं तर पंचनामा.

आलेख खाली का आला, त्याचं उत्तर जनुकात नाही, व्यवस्थापनात आहे. बीटीच्या भोवती बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावायच्या होत्या, अळीला पोटापाण्याची दुसरी सोय म्हणून. नाहीतर ती विषाला सरावते. त्यासाठी पाकिटासोबत 120 ग्रॅमचं वेगळं पुडकं मिळायचं. बहुतेकांनी ते बांधावर टाकलं. कंपन्यांनी बघितलं नाही, कृषी विभागानं बघितलं नाही. मग कापूस उपटलाच नाही, फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड ठेवलं, गुलाबी अळीला बारा महिने जेवण मिळालं. गुजरातमध्ये 2009 लाच तिनं बीटीचं पहिलं जनुक पचवलं, पुढच्या पाच-सहा वर्षांत नंतर घातलेलं बीटीचं दुसरंही. आणि जगात बहुतेकांनी बीटी सरळ वाणांत घातली, आपण संकरितात. कारण संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. कोणाच्या सोयीचं होतं ते, हे सांगायला कृषी पदवी लागत नाही.

घरचं बियाणं ठेवता येईल असं सरळ बीटी वाण आपल्या सरकारी संस्थांनी केलंही होतं. ‘बिकानेरी नरमा बीटी’, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा त्यात हात. 2009 मध्ये वाजतगाजत आलं. मग त्यात मोन्सॅन्टोचंच जनुक सापडलं, वाण मागे घेतलं, सोपोरी समिती बसली. सरकारी संस्थेलाही जनुकाची पावती दाखवता आली नाही, हा इतिहास विसरून आपण शेतकऱ्याला ‘बोगस बियाणं का पेरलंस’ विचारतो.

यात सगळ्यात शहाणा निघाला तो बुर्किना फासो. पश्चिम आफ्रिकेतला गरीब देश. 2008 मध्ये बीटी कापूस घेतला. उत्पादन मिळालं, पण धाग्याची लांबी कमी भरू लागली, आणि लांब धागा हीच त्यांच्या कापसाची पत. त्यांनी मोजलं, 2016 मध्ये बीटी बंद केली आणि कंपनीकडे भरपाई मागितली. घेतानाही ठरवून घेतलं, सोडतानाही ठरवून सोडलं. मधल्या काळात कागद होता. आपल्याकडे चोर बीटीच्या धाग्याची लांबी मोजायची तर आधी ती आहे हे मान्य करावं लागेल.

*

आता नवा माल आला आहे. 4 मे 2025 रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी भाताची दोन जनुक-संपादित वाणं जाहीर केली. यात परकं जनुक घातलेलं नाही, पिकाच्या स्वतःच्याच जनुकात काटछाट आहे, म्हणून 2022 मध्येच अशा पिकांना कडक नियमांतून सूट दिली गेली. वाणं सरकारी संस्थांची आहेत, चांगलीही निघतील. पण सूट देणाऱ्यांना एक आठवण: उद्या यात काही बिघडलं तर जबाबदार कोण, पेटंटचे पैसे कोणाला, शेतकऱ्यानं बियाणं घरी ठेवलं तर चालेल का, हे आजच पाकिटावर छापा. नंतर समिती नेमण्याचा खर्च वाचेल.

आणि चोर बीटीचं काय? ‘हो’ म्हणायचं असेल तर चाचण्यांचे निकाल उघडे करा, किंमत ठरवा, तणनाशकाला फवारायची रीत आणि मर्यादा घाला, निंदणाच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईच्या हाताला दुसरं काम शोधा, आणि पाकिटावर कंपनीचं खरं नाव टाका. ‘नाही’ म्हणायचं असेल तर निंदणाचा दुसरा उपाय द्या, गोदामवाल्यांना आत टाका, पेरणाऱ्याला सोडा, आणि बंदरात येणारी पेंड, तेल आणि गाठी यांनाही तोच ‘नाही’ लावा. दोन्हींपैकी काहीही करा. हो म्हटलं तर पर्यावरणवाले शिव्या देतील, नाही म्हटलं तर शेतकरी संघटना देतील. शिव्या खाण्यासाठीच तर सरकारी गाडी असते.